टूलबारचे गाऱ्हाणे

“सदर संगणकावर वापरकर्त्याच्या संमतीशिवाय कोणतीही प्रणाली बसवण्यात आलेली नाही.”

माझ्या थोरल्या भावाचा संगणक कुडाळच्या ज्या दुकानात दुरुस्तीला दिला होता, त्या दुकानाने हे वाक्य पावतीच्या तळाशी शिक्क्यासह दिले. वाक्य नीटस आहे. त्यात कर्ता कुठेच नाही आणि दोष मात्र नेमका एका माणसावर. मी आयुष्यभर कोल्हापुरात तर्कशास्त्र शिकवले आणि निवृत्त होऊन गावी परतलो. अशा वाक्यांची उत्तरीय तपासणी हा माझा पेशाच होता.

संमती म्हणजे काय? काय विचारले आहे ते विचारल्या जाणाऱ्याला कळले पाहिजे. नाही म्हणण्याची वाट त्याला दिसली पाहिजे. आणि विचारणाऱ्याने उत्तर आधीच लिहून आणलेले नसले पाहिजे. आता गुणाजीदादाकडे पाहा. त्याने चौथीतून शाळा सोडली ती थेट होडीत चढण्यासाठी. त्याला विचारणारे टूलबार, म्हणजे ब्राउजरच्या डोक्यावर येऊन बसणाऱ्या पट्ट्या, इंग्रजी बोलत. त्यांचे ‘होय’चे बटण हिरवेगार आणि तळहाताएवढे, ‘नाही’ कोपऱ्यात, धुतलेल्या सदऱ्यावरच्या डागासारखे फिकट. शिवाय चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. म्हणजे पाहुण्याने दारात उभे राहून ‘राहू का?’ असे विचारायचे आणि यजमानाच्या वतीने मानही स्वतःच डोलवायची. या कारागिरीसाठी कुठेतरी सुशिक्षित माणसांना पगार मिळतो, हे मला ठाऊक आहे आणि ते मी विसरणार नाही.

निष्कर्ष उघड होता. दादाने संमती दिलेली असणे अशक्य. दिली असेल तर ती दुसऱ्या कोणीतरी.

हे २००९ सालचे. दादाचा मुलगा रविराज मस्कतला असतो. त्याची मुलगी उर्वशी तेव्हा नुकती भिंत धरून उभी राहू लागली होती. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, ती ब्राउजरमधल्या मेलच्या पानावर एका चौकटीत दिसे आणि दादा स्वच्छ सदरा घालून तिच्यासमोर बसे. पण पानाच्या वर एकाखाली एक पट्ट्या साचत गेल्या: एक हवामानाची, एक हसऱ्या तोंडांची, एक फुकट सुपरहिट गाण्यांची, बाकीच्या कशाच्या ते देव जाणे. पान इतके आखडले की नात फक्त जावळापुरती उरली.

दादाचा पडदा मस्कतहून पाहता येण्याची सोय रविराजने करून ठेवली होती. तो पाहून त्याने निर्वाणीचे सांगितले. “बाबा, दुकानातून आणून आठवडा झाला नाही आणि परत तेच. सुट्टीत आलो की माझ्या बँकेचं कामही याच मशीनवरून होतं. पुढच्या शुक्रवारीही असंच दिसलं, तर मशीन दुकानाला देऊन टाकतो. फोनवर बोलू.”

“जां चेडू अजून बोलाक नाय, तेच्याशी फोनार काय बोलू?” दादाने नातीविषयी मला विचारले.

मी कंट्रोल पॅनेल उघडून सगळ्या पट्ट्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी दोन परत उगवल्या. माझा संशय शेजारच्या सत्यवानावर गेला. तो क्रिकेटचा स्कोअर पाहायला येई आणि माउस असा धरी जसा कोणी परक्याच्या ताटातला मासा धरतो. मी त्याला पडवीत गाठले.

“सत्यवाना, त्या मशीनवर तू काय काय बसवलंस?”

“मी? माका घरात चुलीकडे बसाक देत नाय, माका खंयच्या मशीनार काय बसवूक येताला?” तो हसत म्हणाला. “तुमी प्रोफेसर, तुमका आरोपी होयो आसा, तर माझा नाव लिवा. पण मी उद्या सासरवाडीक, धामापुराक चललंय.”

तो खरेच गेला. पट्ट्या मात्र वाढतच राहिल्या.

गुरुवारी मी दादाच्या पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. आतून अधूनमधून दादाचा आवाज येई: “व्हय म्हाराजा.” त्याचे मला नवल नव्हते. देवळात मानकरी देवाला गाऱ्हाणे घालतो, म्हणजे गावाच्या वतीने मागणे मागतो, प्रत्येक वाक्यापाशी थांबतो, आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तेव्हा पहिला आवाज दादाचा असतो, तरुणपणापासून. जत्रा जवळ आली, गळा साफ करत असेल, असे मला वाटले होते. पण त्या दिवशी प्रत्येक ‘म्हाराजा’च्या मागोमाग एक बारीक टिकटिक ऐकू आली.

मी आत गेलो. पडद्यावर एक चौकट होती. दादाने तिच्याकडे अदबीने पाहिले, “व्हय म्हाराजा” म्हटले आणि हिरवे बटण दाबले. लगेच दुसरी चौकट आली. तिलाही तेच.

“दादा, हे काय चाललंय?”

“तो इचारता.”

“कोण?”

“तां माका काय ठाऊक? पण इचारून थांबान रवलो ना.”

दुकानाचे वाक्य वस्तुस्थितीपुरते खरे निघाले, हे मला मान्य करावे लागले. मात्र ज्या आवाजाने गावाचे गाऱ्हाणे देवापर्यंत पोचवले, त्याच आवाजाकडून फुकट गाण्यांची पट्टी बसवून घेणारे ते लोक, त्यांच्याविषयीचे माझे मत अधिकच सुस्पष्ट झाले.

“दादा, नाही म्हणायचं.”

“देवळात कोण नाय म्हणता, रे बाबू?”

उपदेश इथे संपतो, हे मला कळले. आता व्यवस्था करायला हवी होती. मी पट्ट्या पुन्हा काढल्या आणि संगणकात दोन खाती केली. एक दादाचे, साधे: त्यात नात पाहता येईल, पण काही बसवता येणार नाही, बसवायची वेळ आली की मशीन पासवर्ड मागेल. दुसरे अधिकाराचे. त्याचा पासवर्ड मी स्वतःकडे ठेवणार होतो, इतक्यात यमुनावयनी मागून म्हणाली, “भावजी, तो माका द्या.”

वयनी मालवणच्या बाजारात मासे विकते. गिऱ्हाइकाने भाव बोलण्याआधी ती ‘नाय’ म्हणते आणि मग ऐकून घेते. इतकी सोपी गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. पासवर्ड तिनेच ठरवला. टाइप करताना मला भिंतीकडे तोंड करायला लावले.

परीक्षा तासाभरातच झाली.

“अगो, कोण तरी परवानगी मागता,” दादाने हाक मारली.

“कोण तो?” वयनी मागीलदारी सुरमई कापत होती.

“ठाऊक नाय. ‘फ्री’ म्हणता.”

“फुकट देणारो कधी आपल्या दारात इल्लो? नको म्हणान सांग.”

“पण तो थांबलो आसा.”

“थांबांदे. उभ्यान कंटाळतलो.”

दादा बराच वेळ अवघडून बसला. घरी आलेल्याला न बोलता उभे ठेवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. अखेर त्याने चौकटीला हात जोडले आणि ती बंद केली.

शुक्रवारी उर्वशी पूर्ण दिसली: जावळ, डोळे, दोन दात, आणि भिंत सोडून टाकलेले एक पाऊल. दादाने आजोबाला शोभणार नाही इतक्या जोरात मांडीवर थाप मारली. मग रविराज समोर आला.

“मशीन स्वच्छ दिसतंय. पण हे बसवत कोण होतं, ते कळल्याशिवाय मी ते ठेवणार नाही. काका, तो सत्यवानच ना?”

मी दादाकडे पाहिले. सत्यवान धामापुरात होता. त्याचे नाव घेतले असते तर मशीन राहिले असते आणि कोणाचे काही बिघडले नसते. दादाने सदरा सारखा केला, चौकटीतल्या मुलाकडे सरळ पाहिले. तो जे बोलला ते मी इथे जसेच्या तसे देतो:

“सत्यवानाक कित्याक मधी घेतंस? व्हय मीच म्हटलंय, सगळ्यांका. इचारणारो थांबान रवता, रे. कोणी व्हय म्हटल्याशिवाय तेचा गाऱ्हाणा पुरा कसा होताला? आता तुझी आवस सगळ्यांका नाय म्हणता. तेव्हा मशीन रवांदे, आणि चेडवाक परत उभा कर बघूया.”