दुसऱ्या मजल्यावरचे फोन

सात महिन्यांनी कामावर परतताना पहिल्या दिवशी काय काय करायचं, याची यादी तिने आठवडाभर आधीच करून ठेवली होती. बाळाचं दूध, बाळाची दुपटी, सासूबाईंना द्यायच्या अठरा सूचना, सगळं त्या यादीत होतं. आपण कारखान्यात पाऊल ठेवायला आणि दुसऱ्या मजल्यावरचे बाराही फोन मुके व्हायला एकच गाठ पडेल, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

"अठरा?" सासूबाईंनी सकाळी चष्मा वर सरकवत विचारलं होतं. "तुझ्या नवऱ्याला वाढवलं तेव्हा माझ्याकडे एकही नव्हती. आता तो कसा निघाला ते सोड."

ती हसली होती खरी, पण दारातून दोनदा परत वळली होती.

कारखाना चष्म्याच्या काचा घासून देणारा. दुकानदार दिवसभर फोनवर नंबर सांगत, दुसऱ्या मजल्यावरच्या मुली ते टिपून घेत आणि खाली यंत्रांवर काचा घासल्या जात. फोन बंद म्हणजे सगळंच ठप्प. इमारतीतल्या सगळ्या वायरी मजल्यामजल्यावरच्या लोखंडी कपाटांत येत, आणि तिथे बसवलेला स्विच नावाचा चपटा डबा कुणाचं बोलणं कुठे पोचवायचं ते ठरवी. या डब्यांचा कारभार दोघांकडे होता: ती आणि मास्तर. मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत शिकवलं नव्हतं. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावायची आणि अक्षर किरटं असलं तर पुन्हा लिहायला लावायची सवय, म्हणून मास्तर. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना सगळा भार त्यांनी एकट्याने ओढला होता.

"काल रंगाऱ्यांसाठी कपाटाची वीज तुम्हीच बंद केली होती ना?" मॅडमनी मास्तरांना विचारलं. मॅडम म्हणजे दोघांच्या वरिष्ठ. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटे.

"केली आणि परत लावलीसुद्धा. हिरवे दिवे बघूनच घरी गेलो."

"दिवे हिरवे आणि फोन मुके. एखादा फोन उचलून बघायचा होता." मग तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू बघ जरा. नेटवर्क पुन्हा तुझ्या हातात द्यायचं की तुला खाली हिशेबाच्या टेबलावर बसवायचं, ते आज ठरवायचंच आहे."

हिशेबाचं टेबल वाईट नव्हतं. घरी लवकर जाता आलं असतं. पण या कपाटांतल्या वायरी तिने स्वतः ओढल्या होत्या. त्या परक्या झाल्या असत्या तर तिच्या जिवाला लागलं असतं.

ऑर्डर घेणाऱ्या मुलींच्या प्रमुख ताई जिन्यातच भेटल्या. "आलीस का बाई? आता हात लाव आणि बोलते कर त्यांना. सकाळपासून माझ्या स्वतःच्या मोबाइलवर नंबर घेतेय. एका दुकानदाराने तर मला जेवलात का म्हणून विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी डाव्या डोळ्याचा नंबर सांगा."

तिने घाई केली नाही. फोनला वीज मिळत होती, कारण पडदा उजळलेला होता. वायरही धड होती, कारण त्याच वायरीवरून पुढे जोडलेला संगणक मजेत चालला होता. म्हणजे एकाच वायरीवरच्या दोन वाटांपैकी संगणकाची मोकळी होती आणि फोनची बुजली होती. या वाटा स्विचमध्ये हुकूम लिहून आखाव्या लागतात. तिने लॅपटॉप जोडला, हुकमांची यादी पडद्यावर आणली. फोनच्या वाटेची ओळ एकाही जागी नव्हती.

"कुणी पुसली?" मास्तर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "मी हात लावलेला नाही हो. शपथेवर सांगतो."

पुसली नव्हतीच. स्विचला सांगितलेलं तो लगेच पाळतो, पण "कायमचं लिहून ठेव" असं वेगळं सांगितलं नाही तर वीज जाताच विसरतो. यादीच्या माथ्यावर शेवटचं कधी लिहून ठेवलं त्याची नोंद होती: सात महिन्यांपूर्वीची तारीख, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. आणि ज्या नावाने लिहिलं, ते नाव तिचंच.

तारीख तिने दोनदा वाचली. लेकीचा जन्मदिवस. तिने पिशवीतून जुनी डायरी काढली. त्याच तारखेखाली तिच्या अक्षरात होतं: अकरा चाळीस, दुसरा मजला, बारा नवे फोन जोडले, सगळे बोलतात, आता... आणि पुढे पेनाची एक लांबलचक वाकडी रेघ. त्या वेळी ती कपाटाची कडी धरून उभी राहिली होती आणि ताईंनी गाडी बोलावली होती. लिहून ठेवायचा हुकूम राहिला तो राहिलाच. कपाटाला बॅटरीचा आधार होता, त्यामुळे मधल्या सात महिन्यांत तिथली वीज एकदाही गेली नाही, म्हणून झाकून गेलं.

आता बारा ओळी घालायच्या, लिहून ठेवायचं आणि मूग गिळून बसायचं, एवढंच करायचं होतं. मास्तर सकाळची बोलणी विसरले असते. पण ते मागे उभे राहून, खरंच आपलंच काही चुकलं का, हे बोटांवर आठवत होते. तिला ते बघवेना.

"मास्तर, तुमचं नाही. माझं आहे," ती म्हणाली आणि डायरी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी रेघ पाहिली, तारीख पाहिली, चष्मा पुसला. "म्हणजे तुझ्या लेकीने आज माझी खरडपट्टी काढली. भेटू दे एकदा. आणि हे अक्षर काय गं हे?"

मॅडमना तिने तेच जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डायरी वाचून परत केली. मग म्हणाल्या, "आधी दुरुस्त कर. नीट झालंय हे मला कसं कळणार, तेही तूच सांग."

"वीज पुन्हा बंद करते," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत. परत आल्यावर फोन बोलले तरच खरं."

ओळी घालून झाल्या. मास्तरांनी मोठ्याने विचारलं, "लिहून ठेवलं?" तिने पडद्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं, "लिहून ठेवलं." मग तिने स्वतःच्या हाताने वीज बंद केली, दहा मोजले आणि चालू केली.

स्विचला जागं व्हायला चार मिनिटं लागतात. या चार मिनिटांत करण्यासारखं काहीच नसतं. तिचा हात मोबाइलकडे गेला. सकाळपासून घरी पाच फोन झाले होते, आणि पाचव्याला सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, तू फोन केलास की ती दचकून उठते. जरा दम धर की." तिने मोबाइल पिशवीत टाकला. एक दिवा पिवळा झाला, मग हिरवा. मग शेजारचा.

पलीकडच्या टेबलांवरून ताईंचा आवाज आला, "बोलतोय गं. दुसराही. अय्या, सगळेच बोलायला लागले."

मॅडमनी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या डायरीवर ठेवला. "आजपासून लिहून ठेवलं की नाही हे दुसऱ्याने विचारल्याशिवाय कपाट बंद करायचं नाही. दोघांनीही."

"विचारायचं काम माझं," मास्तर म्हणाले. "मला आवडतं ते."

ती डबा उघडून बसली. जेवण होईपर्यंत तिने घरी फोन केला नाही. डबा धुऊन ठेवेपर्यंत सासूबाईंचाच आला.

"तू जिवंत आहेस ना? दोन तास झाले, फोन नाही. मला करमेना."

मागे लेक कुणावर तरी ओरडत होती, चांगल्या खणखणीत आवाजात.