सातव्या तासाची गाठ

मास्तरांनी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला. नातीची आई समुद्रापलीकडून परत यायची म्हटल्यावर ते गप्प कसे बसतील? त्यांनी पृथ्वीगोल पुसून टेबलावर ठेवला. पलीकडच्या विमानतळावर एक टाचणी, अलीकडच्यावर दुसरी, मध्ये पांढरा दोरा.

"नकाशावर सरळ रेघ मारली की ती जवळची वाटते," ते म्हणाले. "पण पृथ्वी गोल. गोलावर ताणलेला दोरा दाखवतो तीच खरी जवळची वाट. चोवीस सेंटीमीटर, म्हणजे दहा हजार किलोमीटरच्या वर. विमानाला बारा तास."

दोऱ्यावर त्यांनी लाल लोकरीच्या बारा सुरगाठी बांधल्या.

"दर तासाला एक सोडायची. गाठ राहिली, तर विमान तिथेच राहील हं!"

हे शेवटचं आपलं नातीला गुंतवून ठेवायला. पण बिट्टीने सहा महिने आईवाचून काढले होते. तिने ते खरंच मानलं.

इथल्या घड्याळात सकाळी सातला विमान उडालं. आठला पहिली गाठ सुटली. दुपारी एकपर्यंत सहा झाल्या आणि बिट्टीचे डोळे मिटायला लागले.

"दोनची तुम्ही सोडा, आजोबा. नक्की?"

"अगं, चाळीस वर्षं शाळेच्या घंटेवर काढलीत मी!"

आणि मास्तरांनाच डुलकी लागली. जाग आली तेव्हा पावणेतीन. ते धडपडत उठले, पण सुरगाठ दगडासारखी घट्ट झालेली. नखाने सुटेना. तेवढ्यात बिट्टीची चाहूल लागली, तसा त्यांनी गाठीवर कापसाचा बोळा चिकटवला.

"सोडली?"

"सोडली की."

"मग हे काय?"

"ढग. समुद्रावर ढग नकोत?"

संध्याकाळी सातला बिट्टीने शेवटची गाठ सोडली. विमान वेळेवर उतरल्याचं विमानतळावरून कळलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

साडेआठला दार वाजलं. उंबऱ्याबाहेर लेक उभी. बिट्टी धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. पण आईचा हात काही तिच्या डोक्यावर आला नाही.

"अगं, पाहुणीसारखी उभी काय? ये आत."

"उतरायला अजून वेळ आहे ना, बाबा?" लेक म्हणाली. तिची नजर त्यांच्या आरपार, खिडकीतून बाहेर बघावं तशी. "हा ढग संपतच नाही."

तिच्या मनगटावरचं घड्याळ घरच्या वेळेला लावलेलं होतं. काटे दोनवर थांबलेले. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत होता.

मास्तरांना तो कापसाचा बोळा आठवला. ते गुडघ्यांवर बसले.

"बिट्टे, मी खोटं बोललो. दोनची गाठ राहिली."

बिट्टी रडली नाही, रागावलीही नाही. सरळ टेबलाकडे गेली. तिने कापूस उपटला. तो ओला होता, हाताला झोंबेल इतका गार. गाठ तिने दातांत धरली, मास्तरांनी दोरा ताणून धरला. एक हिसका, दुसरा हिसका.

गाठ सुटली.

दारात बॅग धपकन खाली पडली. लेकीने उंबरा ओलांडला आणि लांब श्वास सोडला.

"आले गं बाई एकदाची! बिट्टे, केवढी उंच झालीस!"

बिट्टी तिच्या कुशीत शिरली. मास्तरांची नजर मात्र घड्याळावरून हलेना. तिथे आत्ता कुठे दोन वाजून एक मिनिट झालं होतं.