मास्क काजानींच्याच हाती

मासेमार काजानींच्या जबड्याखाली पू साचून नारळाएवढी सूज आली होती. सुईने झोपवलं तर श्वास थांबेल आणि आवळलेल्या घशातून श्वासाची नळीही जाणार नाही, हे तरुण सर्जन लिंबानीला ठाऊक होतं. भुलीचा वायू हुंगवून, त्यांचा श्वास चालू ठेवतच झोपवायला हवं होतं. पण काजानी मास्क जवळ येऊ देईनात.

“बुडवताय की काय मला?”

भूल देणाऱ्या तिओंगेबाई हसल्या. “चाळीस वर्षं सरोवरात काढलीत, आणि एवढ्याशा मास्कला भ्यालात, बाबा? घ्या, तुम्हीच धरा. जाळं ओढताना घेता तसा श्वास घ्या. ओढा... सोडा.”

काजानींनी मास्क धरला. गोडसर वासाने कपाळाला आठ्या पडल्या. दर काही श्वासांनी बाई वायूची कळ जराशी पुढे सरकवत होत्या. अखेर काजानींचा हात गळून पडला आणि बाईंनी मास्क अलगद सावरला. लिंबानीने चाकू उचलला.

“थांबा, डॉक्टर. हात झोपलाय, माणूस अजून जागाय.”

तोच काजानींनी लाथ झाडली. लिंबानी चाकूसह मागे सरकला. बाईंनी मास्क तसूभरही हलू दिला नाही, की आवाज चढवला नाही. “ओढा... सोडा,” चालूच होतं. हळूहळू छाती संथ वरखाली होऊ लागली. मग नळी आत गेली.

“करा आता.”

लिंबानीने चाकू खाली ठेवला, गुडघे किंचित वाकवले आणि हातमोजे घातलेल्या हातांनी दोनदा हलकेच टाळी वाजवली, त्यांच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना मान देताना वाजवतात तशी.

“पुरे हो,” तिओंगेबाई म्हणाल्या, “गळू बघा.”