झोळीत न आलेली बाळे

मित्रांनो, हुकाला झोळी अडकवून बाळांचे वजन करतात, तो जुना काटा मी आहे. देवणीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात मी टांगलेला आहे. माझे आकडे आता पुसट झाले आहेत. पण एक गोष्ट मनातून जात नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास मी इथे आलो. नर्स चांगुणाबाई मला रोज पुसत. झोळीतले बाळ रडू लागले की आजी म्हणे, "बाई, जपून. नातू लई जड हाय, काटा तुटंल तुमचा." तेव्हा मला फार अभिमान वाटे. मी दाखवलेला आकडा वहीत जाई. ज्याचे वजन झाले, तेच बाळ वहीत येई.

मग एका वर्षी पावसाने दडी मारली. विहिरी आटल्या. बायका महिनोन्महिने भाकरी-मिरचीवर राहिल्या. पालेभाजी दिसेनाशी झाली. त्या वर्षी गावातल्या महादेवीला मुलगा झाला. त्याच्या डोक्याला वरची कवटीच नव्हती. तासाभरात तो गेला. मेलेले बाळ झोळीत घालणे अशुभ मानत. त्यामुळे तो माझ्याकडे आला नाही आणि वहीतही आला नाही.

"गिराणात इळीवर बसली, म्हणून झालं," सासू नागुबाई सगळीकडे सांगत फिरली. ग्रहणात गरोदर बाईने विळीवर काही चिरले की बाळाला व्यंग येते, असा तिकडे समज. महादेवीचा नवरा धोंडप्पा याने आईला अडवले नाही. पुढे महादेवीला पुन्हा दिवस गेले. पुन्हा तसेच झाले तर पुन्हा बोल लागेल, या भीतीने ती तपासायला आली नाही. घरीच बाळंत झाली. रक्त थांबले नाही. ती गेली आणि बाळही गेले.

धोंडप्पा तिच्या मृत्यूची नोंद करायला आला, त्या दिवशी लातूरहून एक डॉक्टर आले होते. अशी उघड्या डोक्याची, उघड्या कण्याची बाळे इकडे किती जन्मतात, असे त्यांनी विचारले. चांगुणाबाईंनी वही चाळली. "एकही नाही, साहेब."

दारात सुईण पारूबाई बसली होती. "वहीत कुठून येतील? मेलेलं लेकरू कोण तोलतंय? दोन वर्सांत चार गावांत सहा झाली. सगळी म्याच पुरली."

धोंडप्पा तिच्याकडे वळला. "मावशी, सहाही जणी गिराणात इळीवर बसल्या व्हत्या का?"

"मला काय म्हाईत. मला कुणी इचारलंच न्हाई."

"मीबी न्हाई इचारलो," धोंडप्पा म्हणाला आणि खाली बसला.

मित्रांनो, मी एकही आकडा खोटा दाखवला नाही. तरी माझ्या आकड्यांमुळे ती सहा बाळे नसल्यासारखीच झाली, आणि प्रत्येक आईला वाटले की हे फक्त आपल्यालाच झाले. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक अ‍ॅसिडची गोळी, म्हणजे पालेभाजीतल्याच एका जीवनसत्त्वाची गोळी, घेतली तर बरीच बाळे या व्यंगापासून वाचतात, हे मी फार उशिरा ऐकले. ही गोष्ट तुमच्या घरात सांगा. कुणाकडे असे बाळ जन्मून गेले तर लपवू नका, नर्सबाईंना सांगून त्याची नोंद करा. आणि त्याच्या आईला दोष देऊ नका. तिच्याजवळ जाऊन बसा.