होल्गरच्या हातचा 'नको'

"पाट्या तुझ्याकडेच आहेत ना, इंगर?" आमच्या पक्षाच्या प्रेबेननं तळघराच्या दारात विचारलं आणि खळीची बादली पाठीमागे सरकवली. म्हटलं, ताकाला आलास तर भांडं कशाला लपवतोस?

हार्डबोर्डच्या पाट्या आमच्या पक्षाच्या. दर मतदानाला जुन्या कागदावर नवा चिकटवायचा आणि पाट्या आमच्या एस्बियर्ग शहरातल्या दिव्यांच्या खांबांना बांधायच्या. गेल्या जूनमध्ये युरोपच्या कराराला पक्ष 'नको' म्हणाला, तेव्हा सगळे कागद माझ्या नवऱ्यानं, होल्गरनं, चिकटवले होते. देशही 'नको'च म्हणाला. स्वयंपाकघरात नाचलो होतो आम्ही, या वयात. हिवाळ्यात तो गेला. आणि आता, वर्षही झालं नाही, त्याच करारावर पुन्हा मतदान, आणि त्यातून चार सवलती पदरात पडल्या म्हणून आमचाच पक्ष 'हो' म्हणतोय.

"एकटेच 'नको' म्हणत बसलो तर सरकारात आपल्याला विचारणार कोण?" प्रेबेन म्हणाला. पंगतीत पान हवं होतं, दुसरं काय. मी त्याला उद्या ये म्हटलं.

संध्याकाळी शेजारचा एगोन आला. त्याचा उजवा पक्ष अजून 'नको'वर ठाम. वर्षानुवर्षं होल्गरशी कडाकडा भांडलेला हा माणूस टोपी काढून उभा राहिला. पाट्या आहेत तशा दे, म्हणाला, आम्ही लावतो, होल्गरचं काम वाया जायला नको. खरं सांगते, मी विरघळले. शहरभर पुन्हा होल्गरच्या हातचे कागद दिसणार होते. मी किल्ली काढायला उठले.

"सभेलाही ये," तो म्हणाला. "तुमच्या मासळीच्या कारखान्यात ते तमिळ निर्वासित भरलेत ना, त्यांना परत पाठवायचंही बघायचंय आम्हाला."

त्या तमिळांपैकी सेल्वी माझ्या शेजारी उभी राहून मासे कापते. होल्गरला पुरलं तेव्हा माझा हात तिनं धरला होता. मी एगोनला कॉफी पाजली आणि रिकाम्या हातानं घरी पाठवलं.

सकाळी प्रेबेनला म्हटलं, पाट्या ने, पण कागद मी चिकटवणार. माझं मत 'हो' की 'नको', ते विचारू नकोस. तो मान खाली घालून बादली ठेवून गेला.

ब्रश फिरवताना रडू येत होतं, येऊ दिलं. पक्षाचा नवा कागद पातळ, स्वस्तातला. खळीनं भिजला की खालची मोठी काळी अक्षरं वर दिसायची: 'नको'. सगळ्या पाट्या भिंतीला टेकवल्या आणि समोर स्टूल घेऊन बसले. कागद वाळत गेले, तशी अक्षरं पुसट होत गेली. शेवटचं जाईपर्यंत मी उठले नाही.