अर्धा सूर खाली

चौतीस वर्षं ती एकाच हॉटेलच्या लाउंजमध्ये, एकाच पियानोशी बसून, तो स्वतः वाजवत, जॅझ गात आली होती. लोक जेवता जेवता तिचं गाणं ऐकत, आणि काही जण जेवण थांबवून ऐकत. या दुसऱ्या जातीच्या लोकांची संख्या हळूहळू वाढली असावी. कारण एकसष्टाव्या वर्षी तिला जॅझ महोत्सवाचं बोलावणं आलं. मुख्य मंच, चाळीस मिनिटं.

माहितीपत्रकात तिच्या फोटोखाली छापलं होतं, ‘तरुणपणी ज्या पट्टीत गात, त्याच पट्टीत आजही गातात.’ हे तिनेच सांगितलं होतं. तिच्या बरोबरीची गाणारी मंडळी वयानुसार एकेक पायरी खाली उतरली होती; ती मात्र काळी दोनवर ठाण मांडून होती. याचा तिला गर्व होता, आणि तो ती नम्रपणे बाळगत असे.

महोत्सवाला दहा दिवस उरले असताना ती दुपारी सभागृहात तालमीला गेली. सोबत दीर होता. हॉटेलातही तोच तिच्यासोबत डबल बास वाजवी. वाद्य त्याच्याहून वीतभर उंच होतं आणि त्याच्याहून बरंच बोलकं.

कार्यक्रमाचा शेवट तिने स्वतः बांधलेल्या गाण्याने व्हायचा होता. त्याच्या शेवटच्या कडव्यातला वरचा सूर ती रोज संध्याकाळी पदराला हात पुसावा तितक्या सहज लावी. त्या दुपारी तो आला नाही. दुसऱ्या खेपेला आला, पण खरवडून. दीर छताकडे बघू लागला.

पियानोपलीकडे पियानो जुळवणारा आपली हत्यारं आवरत होता. हॉटेलातला पियानोही वर्षाकाठी तोच जुळवी.

“बाई, हा पियानो बरोबर आहे,” तो म्हणाला.

“मग चुकीचं कोण? मी?”

“हॉटेलातला. त्याच्या तारा गंजल्यात. पहिल्याच वर्षी ताणायला गेलो तर दोन तुटल्या, मॅनेजर अंगावर आला. तेव्हापासून दर वर्षी सगळ्याच तारा जरा जरा सैल सोडतो आणि आपसात जुळवून देतो. आपसात भांडण नसलं की बाहेरच्याला काही कळत नाही.”

“किती उतरलाय?”

“आता पुरता अर्धा सूर.”

“म्हणजे काळी दोन म्हणून मी...”

“पांढरी दोन गाता.”

ती दिराकडे वळली. “भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“बास त्या पियानोशी जुळवायचा तर तारा सैल कराव्या लागतात, वहिनी. कळणारच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही खुशीत होता. तुम्ही खुशीत असलात की घरी दादा सुखात असतो. माझं काय अडलं होतं?”

तिने जुळवणाऱ्याला विचारून पाहिलं, एका दिवसापुरता हा पियानो उतरवता येईल का?

“त्या दिवशी यावर आणखी चौघं वाजवणार आहेत, बाई. त्यांनीही तुमच्यापायी अर्धा सूर म्हातारं व्हायचं?”

“गाणं वगळा,” दीर म्हणाला. पण लोक तेच ऐकायला येणार होते. वरचा सूर फाटू द्यायचा नसेल, तर ते पांढरी दोनमध्ये वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गळ्याची तक्रार नव्हती. तो तिथेच राहत होता. अडचण बोटांची होती. घर बदललं तरी जुन्याच दारापुढे जाऊन उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी बोटं पुन्हा पुन्हा काळी दोनकडे वळत. दहा दिवस, रोज सकाळी सभागृहात येऊन, ती त्यांना परत आणत राहिली.

मध्येच तिने महोत्सवाच्या चिटणिसाला फोन केला. “ते वाक्य काढा. ते खोटं आहे.”

“छापून झालंय, मॅडम. आणि कुणाला कळणार आहे?”

“तिघांना कळलंय.”

“मी चौथा. मी काही बोलत नाही.”

म्हणून मंचावर, शेवटच्या गाण्याआधी, तिनेच सांगितलं, “माहितीपत्रकात एक चूक आहे. माझा आवाज अर्धा सूर उतरला आहे.” लोक हसले. हा विनय आहे असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन कडवी पांढरी दोनमध्ये निर्वेध झाली. मग पियानोची एकट्याची जागा आली. तिथे गाण्याचा पहारा नसल्यामुळे बोटं निसटली आणि काळी दोनवर जाऊन बसली. बासवर दीर एक मात्रा थबकला, मग चेहऱ्यावरची रेष न हलवता वर सरकला. आता परतीचा रस्ता नव्हता. शेवटचं कडवं अर्धा सूर वर उभं होतं, आणि त्यात तो सूर.

तिने तो गायला नाही. एका बोटाने पियानोवर तेवढाच वाजवला, आणि त्याच्यावरचे शब्द, शेजारी बसलेल्याला सांगावेत तसे, नुसते बोलली. सभागृहात कुणी खोकलंही नाही.

टाळ्या सुरू झाल्या तरी ती बोटांकडे बघत बसून राहिली.

“यांना मी नीट सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“वहिनी, उठा,” दीर म्हणाला. “लोक उभे आहेत.”