बुजवलेल्या भेगा

अणदूरच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक वाडी लागते. तिथं चावडीपासून ओढ्यापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे, आणि त्या एवढ्याशा रस्त्यानं अख्ख्या वाडीच्या डोक्याचं दही केलं होतं. दिसायला रस्ता साधाच. पण अर्धा नेहमीच्या सिमेंटचा, आणि अर्ध्यात साखर कारखान्यातल्या चिपाडाची राख मिसळलेली. सरकारनं पैसे दिले होते ते रस्त्यासाठी नाही, संशोधनासाठी. आता या दोन गोष्टी वेगळ्या कशा, हे वाडीतल्या महादेवीलाही नीटसं कळलं नव्हतं. एरवी शाळेत वक्तृत्वाचा करंडक मिळाल्यापासून तिला जवळपास सगळंच कळायला लागलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीचे साहेब दिल्लीहून येणार होते. त्यांना पटलं, तर ओढ्याच्या पलीकडं थेट मोठ्या रस्त्यापर्यंत तसलाच रस्ता होणार आणि पावसाळ्यातही एसटी वाडीत येणार. नाहीतर तिथली काळी माती पावसात अशी काही धरते, की पाय निघतो आणि चप्पल आतच राहते. वाडीतल्या पोरींची शाळा त्या चिखलातच सुटायची. महादेवी आत्ता दहावीत जाणार होती. त्यापुढं अकरावीला नळदुर्ग गाठायचं, तर रस्ता वर्षभरात व्हायलाच हवा होता.

संशोधन करणाऱ्या मैथिली मॅडम सोलापूरहून यायच्या. भर उन्हात गुडघ्यावर बसून रस्त्याला पडलेल्या भेगा न्याहाळायच्या, एकेकीभोवती पांढऱ्या रंगानं गोल काढायच्या आणि निघताना न चुकता सांगायच्या, की रस्त्याची काळजी घ्या. वाडी मान डोलवायची.

साहेब येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा सरपंच कल्याणप्पांनी चावडीत माणसं गोळा केली. हे महादेवीचे सख्खे काका. गोलांचं काय करायचं, असा प्रश्न निघाला आणि महादेवी उभी राहिली. मागं वीजवाल्यांनी खांबावर लाल फुली मारली होती आणि नंतर तोच खांब बदलला, याची तिनं सगळ्यांना आठवण करून दिली. म्हणजे खूण केली ती जागा दुरुस्तीची. मॅडम एकट्या बाई, त्या खुणा करतात. बुजवायचं काम आपलं. काळजी घ्या म्हणतात ती हीच. सगळ्यांना ते इतकं पटलं, की टाळ्या पडल्या.

काकांनी तरी एकदा विचारलं, "मॅडमला फोन लावून बघावं का गं?"

"त्यांना किती तरास द्यायचा, काका? आल्यावर बघतीलच की."

"व्हय, तेबी खरंच. घरी पाव्हणे यायचे आन् भिंतीला भेग ठिवायची, हे काय बरं दिसत न्हाय."

देवळाच्या ओट्याचं सिमेंट उरलं होतं ते निघालं. बाप्यांनी भेगा भरल्या, पोरींनी रॉकेलच्या बोळ्यांनी गोल पुसले, शेजारच्या सिताबाईंनी दोन्ही टोकांना रांगोळी घातली. रस्ता असा दिसू लागला, की त्यावर पंगत बसवावी.

साहेब आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मधे थांबले, बुटानं टोकरून पाहिलं. मोठे साहेब नागपूरकडचे, मराठीच बोलणारे निघाले. खुशीत येऊन म्हणाले, की काळ्या मातीवर असा रस्ता त्यांनी पाहिला नव्हता, पुढच्या टप्प्याला अडचण दिसत नाही. कल्याणप्पांनी फेटा सावरला. महादेवीच्या मनात एसटी ओढा ओलांडून चावडीपाशी उभीसुद्धा राहिली.

पण साहेबांबरोबर आलेल्या मैथिली मॅडम खाली बसून काहीतरी शोधत होत्या. हरवलेलं कानातलं शोधावं तशा. तळहातानं सिमेंट चाचपत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. महादेवी गोंधळली. रस्ता पसंत पडला आणि मॅडमच नाराज?

ती शेजारी जाऊन बसली. "मॅडम, काय चुकलं का?"

"इथल्या भेगा कुठं गेल्या गं?" त्या हळूच म्हणाल्या. "थंडीत मोजल्या होत्या. उन्हानं कुठल्या अर्ध्यात किती वाढल्या, तेच आज दाखवायचं होतं. त्यावर तर ठरणार, की राखेचा रस्ता टिकतो का नाही. वरून उसाच्या ट्रॉल्या नका घालू म्हणून तर काळजी घ्या म्हणत होते."

मग महादेवीच्या डोक्यात जे सुरू झालं त्याला काही धरबंधच नव्हता. भेगा वाईट. तर भेगा गेल्या हे चांगलं. पण त्या बघायच्या होत्या, म्हणजे गेल्या हे वाईट. साहेब तर खूश आहेत, म्हणजे चांगलं. गप्प बसलं तर रस्ता होतोय. पण तो रस्ता टिकेल का, हे मॅडमना माहीत नाही, साहेबांना नाही, कुणालाच नाही. उद्या तो फुटला म्हणजे? आणि बोललं तर नळदुर्ग गेलं.

मॅडम उठल्या, साहेबांकडं निघाल्या. त्या काय सांगणार होत्या कोण जाणे. त्यांच्या आधी महादेवीच बोलून गेली.

"साहेब, भेगा होत्या. आम्ही बुजवल्या. मीच सांगितलं होतं सगळ्यांना."

काकांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू ती मराठी-कानडी सोडून तिसरीच भाषा बोलत होती.

साहेबांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. तोवर दोघंतिघं खुरपी घेऊन आले होते, बुजवलेलं उकरून देतो म्हणाले. मॅडमनी घाईघाईनं अडवलं. खुरप्यानं पडलेली भेग कुठली आणि रस्त्याची कुठली, हे मग देवालाही सांगता आलं नसतं.

ठरलं ते असं. आज मंजुरी नाही, नकारही नाही. मॅडम नव्यानं खुणा करतील, पुढच्या उन्हाळ्यात समिती पुन्हा बघेल, तोवर कुणी हात लावायचा नाही. अकरावी मात्र त्या उन्हाळ्यापाठोपाठच्या पावसाळ्यातच लागणार होती.

गाड्या गेल्यावर काका पुतणीशेजारी येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. रस्त्याकडं बघत म्हणाले, "मला एवढंच सांग, बाई. आता आपुन देवाला काय म्हनायचं? भेगा पडू देत, का पडू देऊ नगंस?"

महादेवीनं तोंड उघडलं. राखेच्या अर्ध्यात नको, असं ती म्हणणार होती. पण मग दुसऱ्या अर्ध्यात पडाव्यात असं म्हणायचं का? तोही वाडीचाच होता.

"खरंच ठाऊक न्हाय, काका," ती म्हणाली.